गेमिंग राउटर घ्यायच्या आधी हे करा: ठाणे-नवी मुंबईच्या घरात कन्सोलसाठी सेफ वायफाय

घरात पीएस५ नाहीतर एक्सबॉक्स आला की आठवडाभरात दोन रडगाणी सुरू होतात, एक म्हणजे मॅच ऐन रंगात आली की लॅग मारतं आणि दुसरं म्हणजे पार्टी चॅटमध्ये मित्राचा आवाजच येत नाही, आणि मग कोणीतरी सल्ला देतोच की आठ अँटेनावाला गेमिंग राउटर घेऊन टाक. जरा थांबा. बहुतेक घरांत राउटर स्वस्तातला आहे हा प्रॉब्लेम नसतोच, नेटवाल्याने दाराजवळ ठोकून दिलेल्या त्या पांढऱ्या खोक्याकडे नंतर कोणी ढुंकूनही बघितलेलं नसतं हा प्रॉब्लेम असतो.

कन्सोल स्वतः तसा बंदिस्त प्रकार आहे, त्यात कोणी सहजासहजी घुसत नाही. घुसतात ते राउटरमध्ये आणि तुमच्या अकाउंटमध्ये. म्हणून खाली जे काय आहे ते नव्वद टक्के त्या खोक्याबद्दल आहे. बरं, सेफ्टीसाठी जी कामं करायची तीच बऱ्याचदा लॅगसाठी पण लागतात, फक्त नॅटच्या बाबतीत (म्हणजे घरातली सगळी डिव्हाइस एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवायची राउटरची व्यवस्था) दोघांचं भांडण लागतं, तिथे मी जरा जास्त वेळ घेणारे.

आधी खोका कुठे लावलाय ते बघा

फायबर घरात येते ती दारातून, त्यामुळे खोका लागतो चपलांच्या कपाटावर किंवा विजेच्या डीबीच्या शेजारी, आणि टीव्ही-कन्सोल असतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला नाहीतर मुलांच्या बेडरूममध्ये. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये किंवा नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीत विटांच्या भिंती असतात, तिथे एखाद्या भिंतीपलीकडे पण बरं चालतं. पण घोडबंदर रोडचे नवे टॉवर बरेचसे मायव्हान पद्धतीचे, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या, आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत दम तोडतो. अशा फ्लॅटमध्ये राहत असाल आणि कन्सोल आतल्या खोलीत असेल तर महागडा राउटर आणून सुद्धा फार फरक पडणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

उपाय सरळ आहे, लॅन केबल. कॅट ६ ची वायर घ्या, पंधरा-वीस मीटर पुरते, स्कर्टिंगच्या कडेने पांढऱ्या पट्टीत घालून न्या, दिसतही नाही. केबलने जोडलेल्या कन्सोलला शेजाऱ्याच्या वायफायचा त्रास नाही, मायक्रोवेव्हचा नाही, आणि हवेतून कोणी काही ऐकायचा प्रश्नच नाही. निन्टेंडो स्विच वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, पहिल्या स्विचच्या डॉकला लॅनचं भोक नाही, युएसबीचा अ‍ॅडॅप्टर लागतो, ओएलईडी मॉडेलच्या डॉकला मात्र आहे. भाड्याचं घर आहे, मालक ड्रिल मारू देत नाही, अशा वेळी नेटवाल्याला सांगून फायबरच लांबवून घ्या आणि खोकाच हॉलमध्ये टीव्हीजवळ आणा, थोडे पैसे घेतो पण करून देतो. फायबरला मात्र काटकोनात वाकवू नका, आतली काच तडकते आणि मग खोक्यावर सिग्नल तुटल्याचा तो लाल एलओएस दिवा लागतो.

खोक्यात लॉगिन करा, आणि तिथला पासवर्ड पहिला बदला

फोन किंवा लॅपटॉप वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या खोक्याचा १९२.१६८.२९.१. खोक्याच्या खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. यूझरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड पण अ‍ॅडमिन, आणि आत गेलात की समजा की तुमच्या घरात येणारा कोणीही, तुमच्या मुलाच्या ट्यूशनचा मित्रसुद्धा, असाच आत जाऊ शकतो.

इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि खोक्याच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते याच जोरावर, त्याच्याकडे कंपनीने दिलेल्या साठेक यूझरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बाकी काही नाही. आणि गंमत म्हणजे तो लिहिणारी अमेरिकेतली पोरं त्यातून माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडायची, म्हणजे मूळ भानगड गेमिंगचीच. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच मिराईने डाइन नावाच्या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा अर्ध्या अमेरिकेला मोठमोठ्या साइट उघडेनात. त्या फौजेत एक खोका आपल्या घरातला असला तर आपल्याला दिसतं एवढंच की संध्याकाळी पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, उगाच वाढतोय.

आत गेल्यावर पासवर्ड बदलून झाला की आणखी तीन गोष्टी करा. रिमोट मॅनेजमेंट किंवा वॅन साइड अ‍ॅक्सेस असं काही, म्हणजे घराबाहेरून खोक्याची सेटिंग उघडू देणारं, असेल तर बंद. डब्ल्यूपीएस बंद, ते बटण दाबून जोडायचं प्रकरण सोयीचं वाटतं पण त्याची आठ आकडी पिन तपासताना दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे दहा कोटी नाही तर जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्येच बाहेर आलंय. आणि फर्मवेअर, म्हणजे खोक्याच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटचं पान उघडून बघा, नवीन असेल तर टाका, अपडेट चालू असताना लाईट जाणार नाही एवढं बघून. टीआर-०६९ नावाचं सेटिंग दिसलं तर त्याला हात लावू नका, ते नेट कंपनीचं स्वतःचं कनेक्शन असतं, बंद केलंत की कस्टमर केअरवाला लांबून काही करू शकत नाही.

काही ठिकाणी लोकल केबलवाला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देतच नाही, "आपको क्या चाहिए बोलो, मैं कर देता हूँ" म्हणतो. गोड बोलून मागा. नाहीच दिला तर त्याच्यामागे स्वतःचा साधा राउटर लावा आणि त्याच्या खोक्याचं वायफाय त्यालाच बंद करायला सांगा. त्यातून डबल नॅट होतं, त्याचं पुढे बघू.

वायफायचा पासवर्ड: मोबाईल नंबर नको म्हणजे नको

आपल्याकडे अर्ध्या बिल्डिंगचा वायफाय पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी मोबाईल नंबर. आता हिशोब करा. नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे झाले ४०० कोटी पर्याय. ऐकायला प्रचंड वाटतं. पण तुमचा फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती शेजारच्या फ्लॅटमधून कोणी पकडून ठेवली की पुढचं सगळं त्याच्या घरी बसून, तुमच्या राउटरला न विचारता चालतं, आणि आजचं तगडं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखाच्या वर पासवर्ड तपासतं. म्हणजे ४०० कोटींना तास-सव्वातास, फार तर. तुमचा नंबर त्याच्याकडे सोसायटीच्या ग्रुपमुळे आधीच असेल तर तेवढाही नाही.

मग काय ठेवायचं? कन्सोलवर पासवर्ड कंट्रोलरने एकेक अक्षर टिपून टाकावा लागतो, त्यामुळे लोक छोटा ठेवतात हे मला पटतं, पण उगाच चिन्हांची खिचडी करायची गरजच नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द, इंग्रजी छोट्या अक्षरांत, सलग. कोथिंबीर, पत्रा, मावशी, खारघर, असलं काहीतरी, पण हेच नका ठेवू. वीस-पंचवीस अक्षरं झाली की ग्राफिक्स कार्ड हात टेकतं आणि तुम्हाला शिफ्ट बदलत बसावं लागत नाही. वाटलं तर कंप्युटरचा युएसबी कीबोर्ड पीएस५ ला लावून टाका, चालतो.

सिक्युरिटीच्या ठिकाणी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिक्स असेल तो पर्याय निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुने कन्सोल आणि प्रिंटर नेटवर्कला जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच बदला, ते २००१ पासून मोडीत निघालंय. कपाटातून जुना निन्टेंडो डीएस काढून ऑनलाइन जायची हौस असेल तर त्याला फक्त डब्ल्यूईपीच कळतं, त्याच्यासाठी घरभराचं वायफाय उघडं टाकू नका.

नेटवर्कच्या नावात फ्लॅट नंबर, आडनाव नको. नाव लपवून ठेवायचा एक पर्याय असतो, हिडन, त्याचा सेफ्टीला काडीचा उपयोग नाही, शोधणाऱ्याला ते दिसतंच, उलट कन्सोल जोडताना तुम्हालाच ताप. मॅक फिल्टरचं, म्हणजे यादीतल्याच डिव्हाइसना आत घ्यायच्या सेटिंगचं पण तेच.

५ गिगाहर्ट्झ आणि चॅनल

केबल टाकणं शक्यच नसेल तर कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. ऐरोली-घणसोलीच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडलीत तर पंचवीस-तीस नावं सहज दिसतात आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तिथे गर्दी होणारच. पीएस५ वर सेटिंग, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन असं जाऊन आपल्या नेटवर्कवर ऑप्शन्स बटण दाबलं की कुठला बँड वापरायचा ते निवडता येतं. २०१३ चा पहिला पीएस४ मात्र २.४ वरच चालतो, स्लिम आणि प्रोला ५ मिळतं, त्यामुळे जुना सेकंड हँड पीएस४ घेतलाय आणि ५ वालं नेटवर्क दिसत नाही म्हणून डोकं आपटून घेऊ नका.

चॅनल ऑटोवर असताना मॅचमध्ये मधेच मिनिटभर सगळं गायब होत असेल तर राउटर ५२ ते १४४ मधल्या एखाद्या चॅनलवर गेलेला असू शकतो. तो पट्टा रडारबरोबर वाटून वापरायचा असतो, रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरने चॅनल सोडायचा असा नियम आहे. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला एक पक्का करून टाका, झालं.

आता नॅट, जिथे सेफ्टी आणि गेमिंगचं जमत नाही

कन्सोल जोडलात, टेस्ट केलीत, की पीएसवर नॅट टाइप १, २ किंवा ३ दिसतो, एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट, स्विचवर ए पासून एफ पर्यंत. पीएसवर २ आला तर तुम्ही सुखी आहात, काही करू नका. एवढं वाक्य लोकांनी वाचलं तरी पुष्कळ, कारण व्हिडिओ बघून १ करायच्या नादात लोक राउटर सताड उघडा करून ठेवतात. प्रॉब्लेम ३, स्ट्रिक्ट किंवा डी आला तरच आहे.

तो आला तर पहिल्यांदा राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा आणि फोन वायफायवर ठेवून गुगलला "माझा आयपी काय" विचारा. दोन्ही सारखे असतील तर पुढे वाचा. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १०० पासून सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात, म्हणजे नेट कंपनीने एकच बाहेरचा आयपी कितीतरी घरांत वाटलाय. काही लोकल नेटवाले १० पासून सुरू होणारा आयपी देतात, गोष्ट तीच. इथे घरात राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडा, शून्य उपयोग, कारण अडवणारं दार कंपनीकडे आहे. मग दोनच रस्ते, महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागायचा, किंवा राउटरवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, चालू करायचं, एक्सबॉक्सला त्याचा चांगला फायदा होतो. आयपीव्ही६ चालू केलंत तर त्याची फायरवॉल पण चालू आहे ना ते बघा, कारण तिथे प्रत्येक डिव्हाइसला बाहेरून दिसणारा पत्ता मिळतो.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तर ते डबल नॅट, म्हणजे नेटवाल्याचा खोका आणि तुमचा राउटर दोघंही तेच काम करतायत. तुमच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, किंवा नेटवाल्याला त्याचा खोका ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नेट फक्त पुढे देण्यापुरता, टाकायला सांगा. दुसरा रस्ता सेफ्टीला जास्त चांगला कारण सगळा ताबा तुमच्याकडे येतो, पण त्याआधी पीपीपीओईचं, म्हणजे नेट कनेक्शनच्या लॉगिनचं यूझरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी कागदावर लिहून घ्या.

आता खरा वाद, यूपीएनपी चालू ठेवायचं का बंद. यूपीएनपी चालू असलं की घरातलं डिव्हाइस स्वतःच राउटरकडून पोर्ट उघडून घेतं, म्हणजे वॉचमनला सांगून ठेवल्यासारखं आहे की बिल्डिंगमधल्या कोणीही फोन केला तर गेट उघड, नाव विचारू नको. कन्सोल फोन करेल ते ठीक, पण दोन हजाराचा वायफाय कॅमेरा किंवा पोराने कुठून तरी उतरवलेलं फुकटचं गेम सॉफ्टवेअर पण करेल. माझं म्हणणं असं की आधी बंद ठेवा. बंद असताना पण नॅट २ किंवा मॉडरेट येत असेल आणि पार्टीत आवाज नीट येत असेल तर तसंच राहू द्या.

नसेल जमत आणि घरात कन्सोल एकच असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करा, फक्त त्या कन्सोलपुरतं. त्यासाठी कन्सोलला राउटरमधून कायमचा आयपी द्यायचा, डीएचसीपी रिझर्वेशन किंवा अ‍ॅड्रेस बाइंडिंग नावाने सापडेल, आणि तिथे कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या डिव्हाइसचा स्वतःचा ओळख नंबर, टाकायचा. केबलचा मॅक वेगळा असतो आणि वायफायचा वेगळा, ज्याने जोडलंय तोच टाका. एक्सबॉक्सला यूडीपी ३०७४, प्लेस्टेशनला यूडीपी ३४७८ आणि ३४७९. डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल, एका फटक्यात सगळं उघडतो, आणि उद्या तो आयपी भलत्याच डिव्हाइसला गेला तर त्याला पण उघडा पाडतो. नको.

दोन भावांचे दोन एक्सबॉक्स असतील तर मात्र एकच पोर्ट दोघांना देता येत नाही, तिथे यूपीएनपी चालू करण्यावाचून सोपा इलाज नाही. मग करा चालू, पण राउटरमध्ये यूपीएनपीची यादी असते, कुठल्या आयपीने कुठला पोर्ट उघडलाय ती, तिच्यात अधूनमधून डोकवा. कन्सोल सोडून तिसराच कोणी दिसला तर तो शोधून गेस्टवर हाकला.

कॅमेरे आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर

गेस्ट नेटवर्क चालू करून सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब, आलेल्या-गेलेल्यांचे फोन सगळं तिथे टाका. मेन नेटवर्कवर फक्त घरच्यांचे फोन, लॅपटॉप, कन्सोल. कन्सोल गेस्टवर टाकू नका, फोनवरून रिमोट प्ले करताना घरातल्या घरात दोघं एकमेकांना सापडत नाहीत.

यातून लॅगचं मोठं कारण पण सापडतं. कॅमेरे दिवसभर क्लाउडला अपलोड करत असतात, त्यात कोणाच्या फोनचे लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला लागले की अपलोड भरतो आणि तुमच्या कंट्रोलरचे छोटे-छोटे पॅकेट त्या रांगेत मागे उभे राहतात. तपासायला सोपं, फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग बघा, १० वरून ३०० वर गेला तर दोष वायफायचा नाही, रांगेचा आहे. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणाला किती नेट ते ठरवायचं सेटिंग, असेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नेटवाल्यांच्या खोक्यात हे सहसा नसतं, आणि स्वतःचा राउटर घ्यायला मला पटणारं हेच एक कारण आहे. घेताना अँटेना मोजू नका, क्यूओएस आहे का, डब्ल्यूपीए३ आहे का आणि कंपनी फर्मवेअर अपडेट देत राहते का एवढं विचारा.

आणि हो, सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळताय तर साधारण पन्नास-साठ मिलिसेकंद समुद्राखालच्या केबलमध्येच जातात, ते घोडबंदरला बसून कमी होणार नाहीत. गेममध्ये मुंबईचा सर्व्हर असेल तर तो निवडा. तसंच १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, ८० जीबीचा गेम उतरायला पावणेदोन तास लागणारच, रात्री रेस्ट मोडवर लावून झोपा.

अकाउंट

२०११ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख अकाउंटची माहिती गेली होती, तिथे तुमचं वायफाय कितीही कडेकोट असून काय फायदा होता? टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. गेमिंग अकाउंटचा पासवर्ड इमेलचाच नको. मुलांसाठी वेगळं चाइल्ड अकाउंट आणि खरेदीला दरवेळी पासवर्ड, कार्ड सेव्ह करून ठेवण्यापेक्षा लागेल तेवढेच पैसे वॉलेटमध्ये टाकलेले बरे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, उद्यावर टाकू नका.

शेवटची दोन किरकोळ कामं

पावसाळ्यात महावितरणची लाईट दोन मिनिटं जाऊन येते आणि खोका चालू व्हायला पाच मिनिटं घेतो. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या. कन्सोल त्यावर चालणार नाही, चालवायचा प्रयत्नही करू नका, पण लाईट आल्या आल्या नेट तयार असतं.

आणि सगळं लावून झालं की राउटरच्या बॅकअप पर्यायातून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. नेट स्लो झालं की घरातलं कोणीतरी टाचणी घेऊन मागचं रिसेटचं भोक दाबतं, त्यात हे सगळं तर उडतंच, पीपीपीओईचं यूझरनेम पण उडतं, आणि शनिवारी संध्याकाळी नेटवाला फोन उचलत नाही.